मराठी मजकूर, परके पंच आणि अपिलाचे बंद दार

शेगावच्या श्रीगजानन महाराजांचे दासगणूंनी १९३९ मध्ये रचलेले ‘श्रीगजाननविजय’ हे ओवीबद्ध चरित्र बुलढाणा जिल्ह्यातच नव्हे, तर साऱ्या वऱ्हाडात घरोघर वाचले जाते. त्याच्या पंधराव्या अध्यायात एक फौजदारी खटला आहे, ही गोष्ट पारायण करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. १९०८ साली अकोल्याच्या शिवजयंती उत्सवात लोकमान्य टिळकांचे भाषण झाले, महाराज त्या सभेत उपस्थित होते, पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे यांच्या सांगण्यावरून कोल्हटकर शेगावी महाराजांकडे आले, अशी ती कथा आहे. वकिलांच्या खटपटीला यश येणार नाही, पण या माणसाच्या हातून मोठे कार्य होईल, असा महाराजांच्या बोलण्याचा आशय असून टिळकांसाठी भाकरीचा प्रसाद पाठवला गेल्याचे कवी सांगतो. भक्त या प्रसंगाकडे भविष्यवाणी म्हणून पाहतात. आम्हां साहित्याच्या अभ्यासकांना त्यात आणखी एक गोष्ट दिसते. न्यायालयाने ज्याचे अपील दाखल करून घेण्यासही नकार दिला, त्याचे अपील लोकसाहित्याने आपल्या दरबारात दाखल करून घेतले. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहून झाले आणि १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या दरबाराचा निकालही लागला.

परंतु कथेच्या समाधानावर अभ्यासकाने थांबू नये. मूळ खटल्यात नेमके काय मागितले गेले होते आणि काय नाकारले गेले होते, हे पाहिले म्हणजे लक्षात येते की वादाच्या मुळाशी एक वाङ्मयीन प्रश्न होता. मराठी मजकुराचा अर्थ कोणी ठरवायचा? ज्याला मराठी येते त्याने, की ज्याच्यापुढे भाषांतर ठेवले आहे त्याने?

प्रथम ज्यूरी या संस्थेविषयी थोडे. चारचौघांनी बसून वादाचा निर्णय करावा ही कल्पना इंग्रजांनी येथे आणली, असे मानण्याचे कारण नाही. मराठेशाहीत वतनाचे, वाटणीचे, हद्दीचे तंटे गोतसभेपुढे आणि पंचायतीपुढे चालत. निर्णय मान्य करू असा राजीनामा उभय पक्ष आधी लिहून देत, जामीन देत, साक्षी होत आणि शेवटी महजर किंवा निवाडपत्र होई. निवाडा पटला नाही, तर दुसऱ्या थळी, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे, वाद नेण्याची मागणी करता येई. पेशवाईच्या अस्तानंतर १८१९ मध्ये माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यात दिवाणी न्यायाचे मुख्य साधन म्हणून त्याने पंचायतीचेच वर्णन केले. तिचा संथपणा आणि तिचे दोष त्याला दिसत होते, तरी ती मोडू नये असे त्याचे मत होते. वि. त्रिं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात या पद्धतीची कागदपत्रांच्या आधारे तपशीलवार मांडणी केली आहे.

या पंचायतीचे उदात्तीकरण करण्याची आमची इच्छा नाही. सभेत मान वतनदारांचा होता. हद्दीच्या वादात महाराची साक्ष निर्णायक ठरे, पण म्हणून निवाड्यात त्याला बरोबरीचे आसन मिळे असे नाही. तथापि एक गोष्ट तिच्यात गृहीत होती. जो निवाडा करी त्याला वादाची भाषा येत असे. वादी ‘मिरास’ म्हणाला किंवा ‘भाऊबंद’ म्हणाला, तर पंचांना त्यासाठी कोश उघडावा लागत नसे.

कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या राज्यात ही व्यवस्था उलटीपालटी झाली. दिवाणी दाव्यांतून पंच हळूहळू हद्दपार झाले आणि तेथे एकटा न्यायाधीश आला. ज्यूरी आली ती फौजदारी खटल्यांपुरती, आणि तीही सर्वत्र नव्हे. मुंबई-कलकत्ता-मद्रासच्या उच्च न्यायालयांत ती होती. जिल्ह्यांच्या सत्र न्यायालयांत ती कोठे असावी हे सरकार अधिसूचनेने ठरवी. जेथे ती नसे तेथे असेसर बसत, आणि त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. दिवाणी दाव्यात ज्यूरी मागावी तर मागण्यासाठी कायद्यात जागाच नव्हती. १८६२ चा मुंबईचा प्रसिद्ध ‘महाराज लायबल केस’ हा अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा होता. करसनदास मुळजींच्या गुजराती लेखावरून उभा राहिलेला हा वाद सॉस आणि अर्नोल्ड या दोन न्यायाधीशांनी ऐकला आणि त्यांनीच निकाल दिला. विलायतेत असा दावा ज्यूरीपुढे गेला असता. आपल्याकडे दिवाणी बाबतीत ज्यूरीची छाया उरली ती एका लहानशा समाजात. पारशी विवाहविषयक खटल्यांसाठी १८६५ च्या कायद्याने त्या समाजातले प्रतिनिधी न्यायाधीशाबरोबर बसू लागले. १९३६ च्या कायद्यात त्यांची संख्या सात होती, १९८८ च्या दुरुस्तीने ती पाच झाली. आपल्या माणसाच्या संसाराचा वाद आपल्या चालीरीती जाणणाऱ्यांनी ऐकावा, हे तत्त्व कायद्याला मुळीच अमान्य नव्हते, एवढे यावरून दिसते.

फौजदारी बाबतीतही हे तत्त्व मान्य होते, पण कोणासाठी, हे पाहण्यासारखे आहे. इल्बर्ट बिलावरून १८८३ मध्ये जे वादळ उठले, त्याचा शेवट १८८४ च्या तडजोडीने झाला. तिच्यानुसार जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा सत्र न्यायाधीश यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या युरोपीय आरोपीला, निदान निम्मे युरोपीय किंवा अमेरिकन असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क मिळाला. आपल्या बोलीतल्या, आपल्या रीतीतल्या माणसांनी आपला न्याय करावा ही मागणी रास्त आहे, असे सरकारनेच मान्य केले होते. प्रश्न एवढाच उरला की ‘केसरी’च्या संपादकाच्या बाबतीत ती रास्त का ठरू नये.

१८९७ च्या खटल्यात हा प्रश्न प्रथम ठसठशीतपणे पुढे आला. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त छापला गेला. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि जुलैअखेर टिळकांना अटक झाली. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यासमोर नऊ जणांच्या ज्यूरीपुढे खटला चालला. सहा युरोपीय ज्यूररांनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष म्हटले. नऊपैकी निदान सहा जणांचे एकमत झाले आणि न्यायाधीशाला ते पटले, तर निर्णय पक्का होई. म्हणजे टिळकांची अठरा महिन्यांची सक्तमजुरी कायद्याने लागणाऱ्या किमान संख्येवर उभी होती, आणि ती संख्या वंशाच्या रेषेवर बरोबर दुभंगली होती.

त्यानंतर अपिलाची परवानगी मागण्याचा प्रसंग आला. अपील आणि अपिलाची परवानगी यांतला भेद सामान्य वाचक विसरतो. येथे तोच महत्त्वाचा आहे. उच्च न्यायालयाने आपल्या मूळ फौजदारी अधिकारात दिलेल्या निकालाविरुद्ध विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलकडे जायचे, तर त्याच न्यायालयाने ‘हे प्रकरण अपिलास योग्य आहे’ असा दाखला द्यावा लागे. ज्या घराने निकाल दिला त्याच घराच्या उंबऱ्यावर उभे राहून, ‘तुमची चूक दाखवायला आम्हांला पुढे जाऊ द्या’ असे म्हणायचे. टिळकांच्या वतीने मुख्य आक्षेप होता तो स्ट्रेचींनी ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनावर. ‘डिसॅफेक्शन’ म्हणजे प्रेमाचा अभाव, असा अर्थ त्यांनी ज्यूरीला सांगितला होता. अप्रीती आणि द्वेष यांत काही अंतर असते की नाही, हा व्याकरणाचा म्हणावा असा वाद अठरा महिन्यांच्या शिक्षेचा आधार झाला. मुख्य न्यायमूर्ती फॅरन, न्या. कँडी आणि स्वतः न्या. स्ट्रेची यांनी मिळून हा अर्ज ऐकला आणि फेटाळला. प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांतर्फे ॲस्क्विथ उभे राहिले. तेथेही नोव्हेंबर १८९७ मध्ये परवानगी नाकारली गेली. हेच ॲस्क्विथ १९०८ मध्ये इंग्लंडचे पंतप्रधान होते, आणि त्यांच्याच राज्यात टिळक दुसऱ्यांदा शिक्षा होऊन मंडालेला गेले.

१९०८ चा खटला आमच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब पडला. त्यावर ‘केसरी’त १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख आले. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यासमोर बॅ. जिना यांनी जामिनाचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकारने ‘स्पेशल ज्यूरी’ मागितली. तिला बॅ. जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विरोध केला. स्पेशल ज्यूरीच्या यादीत युरोपीयांचा भरणा असतो. प्रस्तुत लेख मराठीत आहेत, मराठी वाचकांसाठी लिहिलेले आहेत. तेव्हा त्यांचा परिणाम काय झाला हे मराठी जाणणाऱ्या ज्यूररांनीच ठरवले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. विरोध फेटाळला गेला. ज्यूरी बसली ती सात युरोपीय आणि दोन पारशी अशी.

ज्यूरी मिळाली नाही अशी टिळकांची तक्रार नव्हती. ज्यूरी मिळाली होती. नाकारला गेला तो मराठी वाचणारा ज्यूरर. कागदावर हक्क शाबूत राहिला आणि त्यातला अर्थ निघून गेला.

१३ ते २२ जुलै असा हा खटला चालला. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि ते एकूण एकवीस तासांहून अधिक बोलले. त्यांच्या भाषणात इंग्लंडच्या १७९२ च्या फॉक्स कायद्याचा आधार पुन्हा पुन्हा येतो. त्या कायद्यापूर्वी मजकूर छापला की नाही एवढेच ज्यूरीने सांगायचे आणि तो राजद्रोही आहे की नाही हे न्यायाधीशाने ठरवायचे, अशी पद्धत होती. फॉक्सने संपूर्ण निर्णय ज्यूरीच्या हाती दिला, कारण लेखाचा हेतू आणि परिणाम हा वाचकाच्या अनुभवाचा प्रश्न आहे, केवळ कायद्याचा नाही. ज्यूरर हा वाचकांचा प्रतिनिधी असतो, हे त्या कायद्याचे मर्म. आता ज्या ज्यूररला लेखाची लिपीही लागत नाही, तो कोणत्या वाचकांचा प्रतिनिधी? म्हणूनच टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची कसून उलटतपासणी केली आणि एकेका शब्दाच्या छटेवर बोट ठेवले. मराठीत राजकीय विचार नव्याने मांडला जात आहे, त्यासाठी जुन्या शब्दांना नवे अर्थ चिकटत आहेत, तेव्हा कोशातला अर्थ येथे पुरणार नाही, ही त्यांची भूमिका होती. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. तिच्यानंतर अर्धशतक लोटले होते, आणि त्या अर्धशतकात मराठी गद्याची मूस चिपळूणकर-आगरकरांनी पार बदलून टाकली होती.

शैलीविज्ञान शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की अर्थ सुट्या शब्दात नसतो; तो संदर्भात, सुरात आणि वाचकाच्या अपेक्षेत असतो. ‘केसरी’च्या अग्रलेखात उपरोध असतो, संस्कृत वचन असते, घरगुती म्हण असते, आणि या तिन्हींच्या आड लेखकाचे पाऊल कोठे पडले हे सराईत वाचकालाच कळते. उपरोधाचे भाषांतर केले की तो एक तर विधान होतो किंवा धमकी होते. एका अपरिचित भाषेतला उपरोध न कळणे हा त्या सात ज्यूररांचा व्यक्तिगत दोष मानता येणार नाही. त्यांना तेथे बसवणे हा व्यवस्थेचा निर्णय होता.

२२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल आला. न्यायाधीशांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. सप्टेंबरमध्ये अपिलाच्या परवानगीचा अर्ज मुख्य न्यायमूर्ती स्कॉट आणि न्या. बॅचलर यांच्यापुढे आला व नामंजूर झाला. ऑगस्टमध्येच खापर्डे विलायतेला निघाले होते. अमरावतीच्या या वकिलाने आपली चालती वकिली सोडून दोन वर्षे तेथे काढली. १९०९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही विशेष परवानगी नाकारली. शेगावच्या कथेतले वकिलांचे अपयश ते हेच.

प्रिव्ही कौन्सिलच्या नकारामागचे सूत्र समजून घेतले पाहिजे. आपण फौजदारी अपिलाचे न्यायालय नाही, ही तिची जुनी भूमिका होती. १८८७ च्या डिलेट प्रकरणापासून दंडक असा, की कायद्याची रीत धाब्यावर बसवून किंवा नैसर्गिक न्यायाचा भंग होऊन घोर अन्याय झाला असेल तरच हात घालायचा. ज्यूररांना लेखाची भाषा येत नाही, ही गोष्ट या दंडकात बसली नाही. दिवाणी बाबतीत मात्र हेच दार बरेच मोकळे होते. दहा हजार रुपये किंवा अधिक किमतीच्या दाव्यात पुढे जाता येई. म्हणून ताईमहाराज प्रकरणात १९१० मध्ये उच्च न्यायालयात हरलेले टिळक १९१५ मध्ये त्याच प्रिव्ही कौन्सिलकडून जिंकले. दत्तकाच्या वादात मालमत्ता होती, म्हणून साक्षीपुरावा पानापानाने तपासला गेला. लेखाच्या वादात माणसाची सहा वर्षे होती, आणि तेथे प्रकरण दाखलच झाले नाही.

या कहाणीचा तिसरा अंक लंडनमध्ये घडला, आणि तो दिवाणी ज्यूरीचा होता. सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनी ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१० च्या पुस्तकात टिळकांवर केलेल्या आरोपांवरून टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. महायुद्धामुळे इंग्लंडमध्ये ज्यूररांची टंचाई होती. १९१८ च्या ज्यूरी कायद्याने बहुतेक दिवाणी दावे न्यायाधीशाने एकट्यानेच चालवावेत असे ठरले होते. मात्र अब्रुनुकसानीसारखे काही दावे त्यातून वगळले होते. त्यामुळे २९ जानेवारी १९१९ रोजी न्यायमूर्ती डार्लिंग आणि स्पेशल ज्यूरी यांच्यापुढे खटला उभा राहिला. टिळकांकडे सर जॉन सायमन, समोर सर एडवर्ड कार्सन. पुन्हा ‘केसरी’चे जुने लेख निघाले, पुन्हा ते भाषांतरात वाचले गेले, आणि १८९७ व १९०८ च्या शिक्षा टिळकांविरुद्ध वापरल्या गेल्या. २१ फेब्रुवारीला ज्यूरीने चिरोल यांच्या बाजूने कौल दिला. एका परक्या ज्यूरीचे वाचन दुसऱ्या परक्या ज्यूरीपुढे पुरावा झाले. पहिल्या वेळी वाचनाची चूक दुरुस्त करायला वरचे दार उघडले असते, तर कदाचित ही साखळी तेथेच तुटली असती.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. मराठी जाणणारी ज्यूरी असती तर ती निःपक्षपाती राहिली असती काय? टिळकांच्या लोकप्रियतेने ती भारावली नसती काय? हा आक्षेप पोकळ नाही. मुंबईतच १९५९ मध्ये नानावटी खटल्यात वृत्तपत्रांच्या गदारोळात आठ विरुद्ध एक मतांनी आरोपी निर्दोष ठरला, सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. असेसर तर १९५५ मध्येच गेले होते. ज्यूरीच्या जन्मभूमीतही दिवाणी ज्यूरी आकसत गेली. १९६५ च्या ‘वॉर्ड विरुद्ध जेम्स’ या प्रकरणात अपील न्यायालयाने शारीरिक इजेचे दावे एरवी ज्यूरीकडे जाऊ नयेत असा दंडक घातला, आणि २०१३ च्या कायद्याने अब्रुनुकसानीच्या दाव्यातलाही ज्यूरीचा गृहीत हक्क संपवला.

तेव्हा ज्यूरी परत आणावी असे आम्ही सुचवीत नाही. पक्षपाताची भीती मात्र दोन्हीकडे सारखी लागू करावी लागेल. मराठी माणूस टिळकांच्या प्रेमाने भारावेल ही शंका जर ग्राह्य, तर १९०८ च्या वातावरणात युरोपीय व्यापारी बाँबच्या भीतीने भारावेल ही शंकाही ग्राह्य. दोघांत फरक एवढाच, की पहिल्याला मजकूर वाचता येत होता. पूर्वग्रह असलेल्या वाचकाशी वाद घालता येतो, त्याला ओळ दाखवता येते. ज्याला ओळ वाचताच येत नाही त्याच्याशी फक्त भाषांतरकाराच्या मध्यस्थीने बोलता येते, आणि मग भाषांतरकारच खरा न्यायाधीश होतो.

याच कारणासाठी हा इतिहास मराठीच्या वर्गात शिकवला जावा असे आम्हांला वाटते. आपल्याकडे टिळकांचे अग्रलेख ‘निबंध वाङ्मय’ म्हणून अभ्यासक्रमात येतात आणि खटला इतिहास विभागाकडे जातो. वास्तविक त्या खटल्याच्या नोंदी हे मराठी गद्याच्या वाचनाचे एक मोठे दप्तर आहे. एकेका शब्दासाठी एवढा वाद मराठी समीक्षेतही क्वचितच झाला असेल. वऱ्हाडाला तर कायदा आणि साहित्य यांची सोयरीक नवी नाही. बुलढाणा जिल्ह्यातच श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली करीत मराठी विनोदाचा पाया घालत होते. शब्दाचा एक अर्थ कचेरीत आणि दुसरा ओटीवर कसा होतो, हे अशा माणसांना रोज दिसत असे.

आजही घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार उच्च व सर्वोच्च न्यायालयांची भाषा, अन्य तरतूद होईपर्यंत, इंग्रजी आहे. खामगावच्या किंवा मेहकरच्या न्यायालयातली मराठी जबानी वर जाते ती भाषांतर होऊन. आता न्यायाधीश परके नाहीत, हा फरक लहान नव्हे. पण जबानीतला ‘असं म्हणतात’ आणि ‘असं आहे’ यांतला भेद भाषांतरात टिकला की नाही, हे पाहणारा कोणीतरी जाणकार त्या वाटेवर बसलेला असावा लागतो. बॅप्टिस्टा १९०८ मध्ये एवढेच मागत होते.